रात्रीचा ड्रोन : वडखळ परिसरात उडवण्याआधी

वडखळ, पेण, नागोठणे, रोहा या पट्ट्यातून ड्रोनबद्दल जे प्रश्न येतात, ते फिरून फिरून तेच असतात. रात्री उडवायला बंदी आहे का? अडीचशे ग्रॅमच्या आतला असेल तर काहीच लागत नाही ना? हळदीला यजमानांनीच बोलावलंय, मग पोलिसांचा काय संबंध? आणि एवढं सगळं निस्तरून ड्रोन वर गेला, तरी फोटो काळपट आणि दाणेदार का येतात?

हे प्रश्न वेगवेगळे वाटतात, पण बरेचसे एकाच निर्णयावर सुटतात. तो निर्णय आधी घेऊ.

रात्र हवी की संध्याकाळ?

तुम्हाला आवडलेले बहुतेक ‘रात्रीचे’ हवाई फोटो रात्रीचे नसतात. सूर्य मावळल्यावर साधारण पंधरा ते चाळीस मिनिटांच्या काळात ते काढलेले असतात. आकाशात निळा उजेड शिल्लक असतो, खाली दिवे लागलेले असतात आणि दोघांचा जोर जवळपास सारखा असतो. डोंगराची कड, खाडीचं पाणी, शेताचे बांध, घरांची कौलं हे सगळं दिसतं. एक तास थांबलात की हे सगळं काळं होतं आणि उरतात फक्त दिव्यांचे ठिपके. कॅमेरा कितीही महाग असला तरी जिथं उजेडच नाही तिथं तो काही लिहू शकत नाही.

म्हणून माझा आग्रह असा : निसर्ग, गाव, रस्ता, नदी यांचा फोटो हवा असेल तर संध्याकाळचीच वेळ धरा. आपल्याकडे डिसेंबरच्या सुरुवातीला सूर्य सहाच्या सुमाराला मावळतो, जूनअखेरीस सव्वासातच्या पुढे. त्या दिवसाची नेमकी वेळ पाहा, अर्धा तास आधी जागेवर पोहोचा. अजून दिसतंय तोवर ड्रोन वर नेऊन चौकट ठरवा, खाली आणा, बॅटरी बदला आणि दिवे लागले की पुन्हा वर न्या. संपूर्ण अंधारातलं उड्डाण फक्त त्याच कामासाठी ठेवा जे अंधारातच घडतं : हळद, प्रकाशझोतातलं क्रिकेट, पालखी, विसर्जन.

याचा दुसरा फायदाही आहे. संध्याकाळी लोकांना ड्रोन दिसतो, उडवणारा माणूसही दिसतो. रात्री दिसतो तो फक्त डोक्यावर घिरट्या घालणारा दिवा. २०२४ च्या पावसाळ्यात बीड, जालना, छत्रपती संभाजीनगर आणि पुणे जिल्ह्यांतल्या कितीतरी गावांनी रात्रीच्या ड्रोनच्या धास्तीनं जागून गस्त घातली. चोर घरांची टेहळणी करतायत, अशी चर्चा गावोगाव पसरली होती. आपल्या जिल्ह्याला तर किनाऱ्याचा इतिहास आहे. १९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोटांतली शस्त्रं आणि स्फोटकं रायगडच्याच दिघी आणि शेखाडीला उतरली होती. इथल्या पोलिसांनी आणि गावकऱ्यांनी रात्रीच्या अनोळखी दिव्याकडे संशयानं पाहिलं, तर त्यांचं चुकलं असं म्हणता येणार नाही.

कायदा नेमकं काय सांगतो

गोंधळ दोन नियमावल्यांमुळे झाला आहे. १ डिसेंबर २०१८ पासून लागू झालेल्या डीजीसीएच्या (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या) जुन्या नियमांत ड्रोन फक्त दिवसा आणि नजरेच्या टप्प्यात उडवायचा, असं स्पष्ट होतं. आज लागू आहेत ते ड्रोन नियम, २०२१. ते २५ ऑगस्ट २०२१ ला आले आणि पुढं त्यांत दुरुस्त्या झाल्या. या नियमांत रात्रीच्या उड्डाणावर बंदी घालणारं वेगळं कलम नाही. म्हणजे ‘रात्री सरसकट बंदी’ हे जुन्या नियमांवरून चालत आलेलं वाक्य आहे.

पण ‘रात्री मोकळं रान’ हेही खरं नाही. कुणाच्या जिवाला किंवा मालमत्तेला धोका होईल असं उड्डाण करता येत नाही, हे नव्या नियमांतही आहे आणि अंधारात गर्दीवर उडवलेला ड्रोन त्यात सहज बसतो. तुमच्या ड्रोनच्या पुस्तिकेत फक्त दिवसा उडवा असं लिहिलं असेल, तर ते पाळा. अपघातानंतर विमा कंपनी पहिलं पान तेच उघडेल. नियमभंगाला एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

निर्णयापुरतं एवढं लक्षात ठेवा :

- नॅनो (२५० ग्रॅमपर्यंत) : पायलट प्रमाणपत्र, टाइप सर्टिफिकेट (मॉडेलला मिळालेली सरकारी मान्यता) आणि तृतीय पक्ष विमा यांतून सूट.
- मायक्रो (२५० ग्रॅमच्या वर, २ किलोपर्यंत) : नोंदणी आणि यूआयएन (ड्रोनचा स्वतंत्र ओळख क्रमांक) हवा, तृतीय पक्ष विमा हवा. हौसेसाठी उडवत असाल तर पायलट प्रमाणपत्र नको, पैसे घेऊन उडवत असाल तर हवं.
- स्मॉल (२ किलोच्या वर, २५ किलोपर्यंत) : वरचं सगळं, आणि पायलट प्रमाणपत्रही.

पायलट प्रमाणपत्रासाठी वय १८ ते ६५, दहावी उत्तीर्ण आणि मान्यताप्राप्त संस्थेत प्रशिक्षण, एवढ्या अटी आहेत. ते दहा वर्षं चालतं. पासपोर्टच हवा ही जुनी अट २०२३ च्या दुरुस्तीनं गेली. मतदार ओळखपत्र, रेशनकार्ड किंवा वाहन परवाना चालतो. गावाकडच्या पोरांचं घोडं अनेकदा इथंच अडायचं, म्हणून मुद्दाम सांगतो.

हळदीचं शूटिंग करून तुम्ही दोन पैसे घेत असाल तर तो व्यवसाय झाला. ‘ओळखीतलं काम आहे, पाकीट दिलं म्हणून घेतलं’ हा युक्तिवाद चालत नाही.

वजनाचा घोळ

सगळ्यात जास्त फसगत इथं होते. खोक्यावर २४९ ग्रॅम छापलेलं असतं आणि आपण निर्धास्त होतो. पण नियम पाहतो ते उडतानाचं एकूण वजन, म्हणजे वर लावलेल्या सगळ्या वस्तूंसह. रात्रीसाठी तुम्ही लुकलुकणारा दिवा चिकटवला, गर्दीसाठी पंख्यांना जाळी लावली किंवा जास्त वेळ टिकणारी मोठी बॅटरी घातली, की काटा २५० च्या पुढं जातो. त्या क्षणी तुमचा नॅनो मायक्रो होतो आणि टाइप सर्टिफिकेट, विमा, पैसे घेत असाल तर पायलट प्रमाणपत्र, सगळं लागू होतं. किराणा दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर ड्रोन सगळ्या साहित्यासकट ठेवून वजन करा आणि काट्याचा फोटो काढून जपून ठेवा.

दुसरी फसगत खरेदीची. परदेशात तयार झालेल्या ड्रोनच्या आयातीवर ९ फेब्रुवारी २०२२ पासून बंदी आहे. संशोधन, संरक्षण आणि सुरक्षा यांसाठीच अपवाद आहे. तरी बाजारात मायक्रो वजनाचे परदेशी ड्रोन मिळतात आणि विकणारा ‘नोंदणी होऊन जाईल’ म्हणून सांगतो. मॉडेलला टाइप सर्टिफिकेट नसेल तर नोंदणी अडते. नोंदणी नाही म्हणजे यूआयएन नाही, आणि विम्याचा दावाही लटकतो. लाखभर रुपये मोजण्याआधी त्या मॉडेलचं टाइप सर्टिफिकेट दाखवा म्हणा. दाखवता आलं नाही तर उठा.

नकाशा, मनाई आदेश आणि एक पत्र

डीजीसीएच्या डिजिटल स्काय नकाशावर हिरवा, पिवळा आणि लाल असे तीन झोन असतात. हिरव्यात जमिनीपासून १२० मीटर, म्हणजे ४०० फुटांपर्यंत परवानगीशिवाय उडवता येतं. पिवळ्यात हवाई वाहतूक नियंत्रणाची परवानगी लागते. लाल झोनमध्ये केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय नाही. चालू विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात मोकळी उंची ६० मीटरच आहे.

नवी मुंबई विमानतळाचं ८ ऑक्टोबर २०२५ ला उद्घाटन झाल्यापासून पेणकरांना चिंता लागली आहे की आपण त्याच्या टप्प्यात येतो का. वडखळ आणि पेण शहर त्या १२ किलोमीटरच्या बरेच बाहेर आहेत. पण पनवेलकडे कामाला जाणार असाल तर पाय उचलण्याआधी नकाशा पाहा. आणि तो दर उड्डाणाच्या दिवशी पाहा, कारण झोन बदलतात.

नकाशा हिरवा दिसला तरी आणखी चार गोष्टी तपासायच्या असतात :

- मनाई आदेश. सण, निवडणूक, मोठ्या नेत्याचा दौरा किंवा सुरक्षेचा इशारा असेल तेव्हा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली (पूर्वीचं १४४) ड्रोनबंदी येऊ शकते. ती मोडली तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २२३ खाली गुन्हा होतो.
- अभयारण्य. कर्नाळा पक्षी अभयारण्य आणि रोहा-मुरूडचं फणसाड अभयारण्य इथं वनखात्याच्या लेखी परवानगीशिवाय नाही. रात्री तर विचारूच नका. घुबडं, रातवे आणि वटवाघळं त्याच हवेत असतात.
- संरक्षित स्मारकं. रायगड, कुलाबा, जंजिरा हे किल्ले केंद्रीय पुरातत्त्व खात्याकडे आहेत. परवानगी त्यांचीच हवी.
- कारखाने, जेट्टी, रेल्वे. डोलवीचा पोलाद कारखाना आणि धरमतरची जेट्टी, नागोठण्याचा पेट्रोकेमिकल प्रकल्प, रोह्याची धाटाव औद्योगिक वसाहत यांच्या हद्दीवर लेखी संमतीशिवाय जाऊ नका. रात्री कारखान्याचे दिवे मोहात पाडतात, हे खरं आहे. हद्दीबाहेर लांब उभं राहून तिरका फोटो घ्या. वरून काढलेल्या सपाट फोटोपेक्षा तो चांगलाच येतो.

आता पत्राबद्दल. हिरव्या झोनमधल्या उड्डाणासाठी पोलीस ठाण्याची परवानगी हा नियमांचा भाग नाही. तरीही मी सांगेन की अंधारात उडवणार असाल तर आदल्या दिवशी वडखळ पोलीस ठाण्याला, किंवा तुमची जागा ज्या ठाण्याच्या हद्दीत येते तिथं, माहितीचं पत्र द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. मनाई आदेश तुम्हाला इतरत्र सापडेलच असं नाही, पण असलेला आदेश ठाण्यातच पहिल्यांदा कळतो. पत्रात एवढं असू द्या :

- तुमचं नाव, पत्ता, मोबाइल, ओळखपत्राची प्रत
- ड्रोनचं मॉडेल, वजन, यूआयएन, विमा आणि लागू असेल तर पायलट प्रमाणपत्र
- जागा (नकाशावरच्या खुणेसह), तारीख, वेळ कुठून कुठपर्यंत, जास्तीत जास्त उंची
- कशासाठी, आणि यजमान किंवा आयोजक कोण

पत्राच्या प्रतीचा फोटो सरपंच किंवा पोलीस पाटलांना पाठवा. गावाच्या व्हॉट्सॲप गटावर ‘आज रात्री आठ ते नऊ अमक्या मैदानावर ड्रोन उडेल, उडवणाऱ्याचा नंबर हा’ एवढा एक निरोप पडला, की रात्री काठ्या घेऊन कुणी शोधायला निघत नाही.

उजेडात जाऊन जागा पाहा

रात्रीच्या उड्डाणाची अर्धी तयारी दुपारी होते. आपल्या भागात सगळ्यात मोठा धोका तारांचा. अतिउच्चदाब वाहिन्यांचे मनोरे भातखाचरांतून, खाडीवरून, डोंगरावरून गेले आहेत. दिवसा मनोरा दिसतो, मधली तार दिसत नाही. रात्री मनोराही दिसत नाही. दुपारी जागेवर उभं राहून चारी दिशांचे मनोरे मोजा, त्यांच्यामधून कल्पनेनं रेषा ओढा आणि फोनमधल्या नकाशावर त्या आखून ठेवा. मोबाइल टॉवर, उंच माड, महामार्गावरचे हायमास्ट हेही नोंदवा. पनवेल-पेण-रोहा रेल्वेमार्गाच्या विजेच्या तारांवरून तर अजिबात नेऊ नका.

सगळ्यांत उंच अडथळा मोजून ड्रोनची ‘घरी परत’ उंची त्याच्या किमान वीस-पंचवीस मीटर वर ठेवा. संपर्क तुटला की ड्रोन आपोआप त्या उंचीवर चढून सरळ रेषेत परततो. ती रेषा तारांमधून जात नाही ना, हे दिवसाच पाहून ठेवायचं.

वाऱ्याचं गणितही इथलं वेगळं आहे. दुपारनंतर समुद्राकडून खारा वारा येतो आणि संध्याकाळपर्यंत टिकतो. रात्री उशिरा तो पडतो आणि जमिनीकडून मतलई वारा सुटतो. म्हणून संध्याकाळी उडवत असाल तर आधी पश्चिमेला, वाऱ्याच्या तोंडावर जा, म्हणजे बॅटरी उतरल्यावर परतताना वारा पाठीशी असेल. उशिरा रात्री हेच उलट. अंगणात पान हलत नसलं तरी ऐंशी मीटरवर वारा जोरात असू शकतो, तेव्हा वर गेल्यावर अर्धा मिनिट एका जागी थांबवून ड्रोन किती कलतोय ते पाहा.

खाडीचा फोटो काढणाऱ्यांसाठी एक खास गोष्ट. धरमतरच्या खाडीत पाणी भरलेलं हवं की चिखल उघडा, हे तिथी पाहून ठरवता येतं. पौर्णिमा-अमावास्येला आपल्या किनाऱ्यावर भरती दुपारी बारा-एकच्या आणि मध्यरात्रीच्या आसपास येते. म्हणजे पौर्णिमेला चंद्र उगवतो त्या संध्याकाळी खाडी ओहोटीला लागलेली असते आणि दोन्ही काठांचा चिखल, कांदळवन उघडं पडलेलं दिसतं. भरलेल्या पाण्यात दिव्यांची प्रतिबिंबं हवी असतील तर अष्टमीच्या आसपासची संध्याकाळ निवडा. तेव्हा भरती सहा-सातच्या सुमाराला येते. उधाणाइतकी ती मोठी नसते आणि खाडीत आत शिरायला पाण्याला थोडा जास्त वेळ लागतो, तो धरा. कोळी बांधवांना विचारलंत तर ते मिनिटांच्या हिशेबात सांगतील. आणि शुद्ध अष्टमीला चंद्र डोक्यावर असतो, त्याचा उजेडही हाताशी येतो.

ऋतूही निवडा. पावसाळ्यात नाहीच. ऑक्टोबरअखेर ते फेब्रुवारी हा काळ चांगला, पण थंडीत रात्री दव पडतं. एसी गाडीतून काढलेला ड्रोन बाहेरच्या दमट हवेत आणला की भिंगावर वाफ धरते आणि छोट्या पडद्यावर ती कळत नाही. वीस मिनिटं आधी पेटी उघडून ठेवा. खाडीवरून परतल्यावर किंचित ओलसर मऊ कापडानं ड्रोन पुसा, मिठाचा थर मोटरच्या फटीत साचू देऊ नका.

अंधारात ड्रोनलाही दिसत नाही

‘माझ्या ड्रोनला सेन्सर आहेत, तो स्वतःच थांबतो’ हा भरवसा दिवसाचा. बहुतेक मॉडेलमधले अडथळा ओळखणारे सेन्सर म्हणजे छोटे कॅमेरेच असतात आणि त्यांना उजेड लागतो. पडद्यावर ‘प्रकाश अपुरा’ असा इशारा आला, याचा अर्थ आता ड्रोन आंधळा आहे. लेसरवर चालणारा सेन्सर काही नव्या मॉडेलना असतो, पण बारीक तार त्यालाही चुकू शकते. खालचे सेन्सरही मंदावतात, म्हणून उतरताना ड्रोन सरकतो.

उड्डाणापूर्वी हे करा :

- गाडीच्या टपावरून, लोखंडी झाकणावरून किंवा सळई असलेल्या पुलाच्या काँक्रीटवरून उडवू नका. होकायंत्र बिघडतं. मोकळ्या मातीवर भडक रंगाची चटई अंथरा आणि तिच्यावर टॉर्चचा उजेड ठेवा.
- पुरेसे उपग्रह मिळून ‘होम पॉइंट’ नोंदला गेल्याशिवाय जमीन सोडू नका. रात्री हाच तुमचा आधार.
- वर लुकलुकणारा दिवा लावा. आपल्या नियमांत त्याचं माप दिलेलं नाही. अमेरिकेत तो तीन मैलांवरून दिसावा लागतो आणि युरोपात जुलै २०२२ पासून रात्री हिरवा लुकलुकता दिवा सक्तीचा आहे. तेच माप आपणही धरावं. दिवा कॅमेऱ्याच्या मागं, वरच्या अंगाला लावा, नाही तर त्याची तिरीप भिंगात येते.
- सोबत एक माणूस ठेवा. तुम्ही पडद्याकडे पाहत असताना त्यानं फक्त आकाशाकडे पाहायचं. मुंबईहून अलिबागकडे येणारी हेलिकॉप्टरं खालून उडतात. आवाज आला की फोटो अर्धवट सोडून ड्रोन लगेच खाली आणा. माणसं असलेल्या विमानाला वाट देणं बंधनकारक आहे.
- बॅटरी ४० टक्के उरली की परत फिरा.

कॅमेरा कसा लावायचा

कॅमेरा स्वयंचलित मोडवर ठेवलात तर तो काळं आकाश पाहून सगळा फोटो उजळ करायला जातो आणि दिवे पांढरे फटक होतात. मोड मॅन्युअल घ्या.

स्थिर फोटोसाठी आयएसओ १०० ते ४०० च्या आत ठेवा. भिंगाचं छिद्र बदलता येत असेल तर सगळ्यांत मोठं उघडा. बाकीचं काम शटरवर सोडा. निळ्या वेळेत साधारण पाव सेकंद ते एक सेकंद पुरतं, पुढं दोन ते चार सेकंद लागतात. वारा पडलेला असेल तर आजचे ड्रोन दोन सेकंद बऱ्यापैकी स्थिर राहतात, पण प्रत्येक वेळी नाही. म्हणून एकाच चौकटीचे पाच-सहा फोटो लागोपाठ घ्या. एक तरी कडक निघतो. सगळेच बरे निघाले तर ते संगणकावर एकावर एक ठेवून सरासरी काढता येते, त्यात दाणे बरेच निवळतात. फोटो रॉ स्वरूपात घ्या. पांढऱ्या रंगाचा तोल ३२०० ते ४००० केल्विनमध्ये कुठंतरी पक्का करा, नाही तर प्रत्येक फोटोचा रंग वेगळा येईल. फोकस दूरच्या दिव्यावर बसवून कुलूपबंद करा. दिवसाचा काळा फिल्टर काढायला विसरू नका.

पडद्यावर विश्वास ठेवू नका. अंधारात फोनचा पडदा झगझगीत वाटतो, त्यामुळे फोटो उजळ आला असं वाटतं आणि घरी आल्यावर तो काळा निघतो. पडद्याचा उजेड कमी करा आणि उजेडाचा आलेख (हिस्टोग्राम) पाहा. डोलवीसारख्या झगमगाटात दिवे फटक होणार नाहीत इतपत कमी उजेडाचा एक, मधला एक आणि सावल्यांसाठी जास्तीचा एक, असे तीन किंवा पाच फोटो आपोआप घेणारी सोय वापरा.

वडखळ नाक्याजवळ मुंबई-गोवा महामार्गातून अलिबागचा रस्ता फुटतो. तिथल्या वाहनांच्या दिव्यांच्या रेषा हव्या असतील तर ड्रोन रस्त्यावर नाही, रस्त्याच्या बाजूला मोकळ्या शेतावर ठेवा आणि कॅमेरा रस्त्याकडे तिरका करा. दोन-दोन सेकंदांचे वीस-तीस फोटो एकाच जागेवरून घ्या आणि नंतर ‘उजळ भाग राखा’ या पद्धतीनं एकत्र करा. चालत्या वाहनांच्या डोक्यावर रात्री ड्रोन तरंगत ठेवणं मात्र कुठल्याही फोटोच्या मोलाचं नाही.

व्हिडिओसाठी सेकंदाला २५ चौकटी आणि शटर १/५०. आपली वीज ५० हर्ट्झची असल्यानं याच मापात दिवे लुकलुकताना दिसत नाहीत. आयएसओ १६०० च्या वर गेलात की चित्र गढूळ होतं, आणि ते नंतर निवळत नाही.

हळद, क्रिकेट, विसर्जन

आपल्याकडे आगरी-कोळी घरांतली हळद म्हणजे रात्रीचं सगळ्यात मोठं काम. यजमानांना मांडवावरचा, नाचणाऱ्या गर्दीवरचा शॉट हवा असतो आणि नाही म्हणणं जड जातं. तरी नाही म्हणा. ड्रोन गर्दीच्या कडेला, मोकळ्या बाजूवर ठेवून तिरका शॉट घ्या. मांडवाखाली, पत्र्याखाली तर नेऊच नका. वर छप्पर असताना संपर्क तुटला तर तो घरी परतण्यासाठी सरळ वर उसळतो.

डीजेच्या लेसरबद्दल बऱ्याच जणांना माहीत नसतं. लेसरचा झोत थेट भिंगात शिरला तर कॅमेऱ्याचा सेन्सर कायमचा जळतो, फोटोत रंगीत रेघ किंवा ठिपका उमटतो आणि तो पुन्हा जात नाही. डीजेवाल्याला आधीच भेटा. ड्रोन वर असताना लेसर बंद किंवा खाली, असं ठरवून घ्या. चमकी उडवणाऱ्या तोफा, आकाशात जाणारे फटाके यांचीही वेळ विचारा. चमकीची एक पट्टी पंख्यात अडकली तरी पुरते. गर्दीतले शेकडो मोबाइल आणि मोठा एलईडी पडदा यांमुळे रिमोटचा संपर्क अडखळतो, तेव्हा अंतर कमी ठेवा.

प्रकाशझोतातल्या टेनिस क्रिकेट स्पर्धांत ड्रोनची जागा सीमारेषेबाहेर, खांबांपासून दूर. उंच उडालेला चेंडू ड्रोनला लागू शकतो आणि तुटलेला ड्रोन झेल घेणाऱ्याच्या डोक्यात येतो. विसर्जन मिरवणूक आणि पालखीच्या रात्री आधी मनाई आदेश पाहा, मग आयोजकांशी बोला. रोह्याच्या धावीर महाराजांच्या पालखीसारख्या सोहळ्यात बंदोबस्त मोठा असतो, तिथं ठाण्याशी आधी बोलल्याशिवाय पेटी उघडू नका.

आणि हे यजमानांनीही वाचावं : लोकांच्या गच्च्या, मोरी, खिडक्या, कपडे बदलण्याची खोली यांच्याकडे कॅमेरा वळता कामा नये. बाईचं खासगी क्षणातलं चित्रण तिच्या नकळत करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ खाली गुन्हा आहे. तुमच्या घरावर रात्री ड्रोन घिरट्या घालत असेल तर दगड मारू नका, तो कुणाच्या तरी अंगावर पडेल. वेळ, दिशा, दिव्याचा रंग टिपा, मोबाइलवर चित्रण करा आणि ११२ ला फोन लावा.

पोलिसांनी अडवलं तर

आधी ड्रोन सुखरूप उतरवा. तो हवेत असताना वाद घालू नका आणि पोलिसांनाही शांतपणे सांगा की आधी उतरवतो. मग ओळखपत्र, यूआयएन, विमा, प्रमाणपत्र, झोनच्या नकाशाचा त्या दिवसाचा स्क्रीनशॉट आणि पत्राची पोच दाखवा. हे सगळं छापील प्रतींत ठेवा, फोनची बॅटरी नेमकी तेव्हाच संपते.

ड्रोन जप्त होत असेल तर :

- पंचनामा आणि जप्त वस्तूंच्या यादीची प्रत मागा. यादीत मॉडेल, अनुक्रमांक, बॅटऱ्या, मेमरी कार्ड वेगवेगळं लिहिलेलं असावं.
- १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ प्रमाणे झडती आणि जप्तीचं ध्वनिचित्रमुद्रण व्हायला हवं. ते नम्रपणे लक्षात आणून द्या.
- चित्रण पुसून टाका असं कुणी म्हटलं तरी घाईनं पुसू नका. तुम्ही कुठं आणि काय टिपत होता याचा पुरावा तोच आहे.
- ड्रोन परत मिळवण्यासाठी न्यायदंडाधिकाऱ्यांकडे कलम ५०३ खाली अर्ज करता येतो. खरेदीचं बिल तेव्हा लागतं.

ड्रोन पडला तर

कुणी जखमी झालं असेल तर आधी दवाखाना, मग ड्रोन. अपघाताची माहिती ४८ तासांच्या आत डीजीसीएच्या ऑनलाइन पोर्टलवर द्यावी लागते. विमा कंपनीला त्याच दिवशी कळवा. रिमोटमधली उड्डाणाची नोंद उतरवून ठेवा, ती तुमच्या बाजूनं बोलते.

तारांवर अडकला तर काठीनं, दोरीनं काढायला जाऊ नका. वीज कंपनीच्या माणसालाच बोलवा. खाडीत पडला आणि ओहोटीला सापडला, तर बॅटरी पुन्हा चार्ज करू नका, वाळवून पाहू या असंही नको. खाऱ्या पाण्यात भिजलेली लिथियम बॅटरी काही तासांनीही पेट घेऊ शकते. घरात, गाडीत न ठेवता उघड्यावर, गवत आणि सरपणापासून लांब, वाळूनं भरलेल्या पत्र्याच्या डब्यात ठेवा आणि नंतर ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या. मेमरी कार्ड मात्र गोड्या पाण्यानं धुवून, सावलीत पूर्ण सुकवून संगणकाला लावा. ती बहुधा शाबूत निघतात.